अंगठ्याखालचं चाक

१

रविवारची जेवणं उरकली की यज्ञेश चाकांना तेल घालायला बसायचा. मधल्या खोलीत काचेच्या कपाटापुढं चटई टाकायची, जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्यायचा, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घ्यायची आणि एकेक चाक बाहेर काढायचं. चाक म्हणजे मासे धरायचं रीळ, पण हल्ली दुकानात मिळतं ते नव्हे. मधे एक आस, तिच्यावर तळहाताएवढं चाक, चाकाला धरायला दोन बारकी बोंडं, संपलं. सेंटरपिन म्हणतात त्याला. त्यात दाते नसतात, ब्रेक नसतो, लपवण्यासारखं काहीच नसतं. नदीत तरंड, म्हणजे गळाच्या वरचा तरंगता तुकडा, सोडलं की ते प्रवाहाबरोबर निघतं आणि चाक आपलं आपण फिरून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पुरवत राहतं. आवरायचं ते फक्त अंगठ्यानं. चाकाच्या काठावर अंगठा टेकवला की दूरवर तरंड थांबतं, उचलला की पुन्हा चालू लागतं.

यज्ञेश मूळचा तुळजापूरचा, पूजाअर्चा करणाऱ्या घरातला, आणि नळदुर्गच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. बोरी नदीवर जाऊन तो मासे धरायचा आणि गळ काढून परत पाण्यात सोडायचा. त्यामुळं मासे खाणाऱ्यांनाही तो वेडा वाटायचा आणि न खाणाऱ्यांनाही. "खात नाही, विकत नाही, मग त्या मुक्या जिवाला टोचून तुम्हाला मिळतं काय?" असं बायको, भुवनेश्वरी, दर रविवारी विचारायची. त्यावर तो चिडायचा.

कपाटात आता नवं चाक आलं होतं. हायवेच्या ढाब्यांमागच्या वस्तीत शांताक्का म्हणून एक बाई राहायची. तिचा नवरा भीमाशंकर, नदीवर आयुष्य घालवलेला माणूस, पावसाळ्यात वारला होता. त्याच्याकडं जुनं चाक आहे असं कळल्यावर यज्ञेशला धीर निघेना. दहावं-तेरावं उरकताच तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. बाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. फडताळावरून फडक्यात बांधलेलं चाक काढलं आणि ओसरीवर त्याच्यापुढं टाकलं.

"न्या. ह्या घरात नगं ते," ती म्हणाली. "मरताना बी चाकाचंच बोलले. खिळा काढू नका, खिळा काढू नका. पोटची पोर आत पडलीया, तिचं नाव एकदा तरी घ्यावं? न्हाय घेतलं."

यज्ञेशनं आत पाहिलं. आतल्या खोलीत बाजेवर एक तरुण मुलगी बसली होती. हात गुडघ्यांवर, तोंड भिंतीकडं. ती शांताक्काची लेक, अयोध्या. हातपाय धड होते, डोळे उघडे होते, पण कित्येक वर्षांत ती आपणहून जागची हलली नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. "चालती-बोलती पोर, आन् एका दिवसात अशी झाली," शांताक्का म्हणाली, आणि असं म्हणाली की जणू ते यज्ञेशनंच केलं होतं.

त्याचं लक्ष मात्र हातातल्या चाकावर होतं. चाक अप्रतिम होतं, आणि कुणीतरी त्याच्या काठातून आरपार एक जाडजूड खिळा ठोकून ते कायमचं जाम करून टाकलं होतं. खिळ्याचं टोक मागून वाकवलंही होतं. यज्ञेशला खरोखर वाईट वाटलं. मुलीचं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते चाकाचं.

२

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसापुढं अशी वस्तू आल्यावर तो काय करणार हे सांगायला नको. त्याच दिवशी घरी येऊन यज्ञेशनं पक्कड घेतली, टोक सरळ केलं आणि खिळा उपटला. भोकाची किनार कानशीनं घासली, आसेला तेल दिलं, चाक बसवलं आणि बोटानं टिचकी मारली.

चाक फिरू लागलं. बाकीची चाकं फिरताना बारीक सूं असा आवाज करायची, ह्याचा काहीच आवाज नव्हता. तो भान हरपून बघत राहिला. मग चाक थांबलं, आणि तिथं त्याच्या कपाळाला पहिली आठी पडली. मोकळं फिरणारं चाक थांबायच्या आधी डोलतं. जड बाजू खाली येते, थोडी पलीकडं जाते, पुन्हा मागं येते आणि मग स्थिर होते. हे चाक डोललं नाही. ते हळूहळू मंदावलं आणि जिथं होतं तिथंच राहिलं, कुणी काठावर अंगठा टेकवल्यावर राहतं तसं.

तेल घट्ट असेल, असं त्यानं ठरवलं. फिजिक्सच्या मास्तराला कारण सापडायला वेळ लागत नाही.

पुढचे काही दिवस ते चाक कपाटात अधूनमधून आपोआप फिरायचं. काच बंद, वाऱ्याचं नाव नाही, चाकावर तंगूसचा धागासुद्धा नाही, आणि ते फिरायचं. थोडं फिरायचं, थांबायचं, पुन्हा थोडं फिरायचं, आणि सगळं एकाच दिशेनं, तंगूस सोडायच्या दिशेनं. हायवेवरून ट्रक जातात, त्यांची थरथर भिंतीतून येत असणार, असं त्यानं बायकोला समजावलं.

"मग बाकीच्या चाकांना ट्रक लागत नाहीत का?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"ती इतकी हलकी नाहीत," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याला अभिमानही वाटला.

एका दुपारी मात्र चाक वेड्यासारखं सुटलं. बोंडं दिसेनाशी झाली आणि कपाटातली काच वाजायला लागली. तो चहाचा कप खाली ठेवून धावला, तेवढ्यात चाकाला एकच हिसका बसला आणि ते थांबलं. त्यानंतर ते मेल्यासारखं पडून राहिलं. टिचकी मारली तरी दोन-चार वेढे घेऊन गप्प व्हायचं. यज्ञेश हिरमुसला.

त्याला ह्या कंटाळ्यातून बाहेर काढलं ते भैरवीनं. भैरवी त्याची लेक, दहावीत होती, आणि घरात ह्या चाकांचं कौतुक असलेली ती एकटीच. "बाबा, हे का रुसलंय?" म्हणत तिनं चाक मांडीवर घेतलं, खिळ्याच्या भोकात बोट घातलं आणि गरकन फिरवलं. पुढच्या क्षणी ती ओरडली. बोटाला बारीकसा ओरखडा आला होता, रक्ताचा एकच थेंब.

"चावलं की हो हे," ती हसून म्हणाली आणि बोट तोंडात घातलं.

चाक तिच्या मांडीवर फिरतच होतं.

३

दुसऱ्या दिवसापासून ते भैरवीबरोबर फिरू लागलं.

यज्ञेशला हे समजायला थोडा वेळ गेला. दुपारी भैरवी सायकल काढून क्लासला निघाली की कपाटातलं चाक फिरू लागायचं, एका लयीत, तंगूस सोडत. ती पोचायच्या सुमाराला थांबायचं. संध्याकाळी ते उलट फिरायला लागायचं, गुंडाळण्याच्या दिशेनं, आणि ते थांबेपर्यंत खाली सायकलची घंटी वाजलेली असायची. योगायोग म्हणून त्यानं ते सोडून दिलं, मग गंमत म्हणून बघितलं, आणि मग, खरं सांगायचं तर, त्याला ते आवडायला लागलं. लेक बाहेर गेली की बापाच्या जिवाला घोर असतोच. इथं ती कुठवर आली हे घरबसल्या कळत होतं. चाक उलटं फिरू लागलं की तो स्वयंपाकघरात डोकावून सांगायचा, "चहा टाक, भैरवी निघाली." भुवनेश्वरी त्याच्याकडं बघायची आणि भांडं घासत राहायची.

मग एक दिवस चाक मधेच थांबलं. भैरवी नुकतीच निघाली होती, क्लास बराच लांब होता. यज्ञेश उभा राहून बघत होता. चाक थांबलेलं होतं, पण मोकळं नव्हतं. ते बारीक थरथरत होतं, पुढं जायला बघत होतं आणि कशानंतरी अडलेलं होतं.

त्यानं फोन लावला. "भैरवी, कुठं आहेस?"

"इथंच. किल्ल्याकडच्या वळणावर."

"का थांबलीस?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "थांबले."

काचेआड चाक सुटलं आणि फिरू लागलं. फोनमध्ये ती म्हणाली, "हां, निघाले," आणि फोन बंद झाला.

नव्या पोरांना नदीवर शिकवताना यज्ञेश एक गोष्ट नेहमी सांगायचा. तरंड नुसतं वाहू द्यायचं नाही. मधेमधे अंगठा टेकवून अडवायचं. तरंड अडलं की त्याच्याखालचं आमिष प्रवाहानं पुढं वर उचललं जातं, जिवंत असल्यासारखं हलतं, आणि तळाशी बसलेल्या मोठ्या माशाला ते दिसतं. हे त्याला आता आठवलं.

त्याला खात्री करायची होती. मुलीच्या जिवाची भीती वाटत असताना प्रयोग करायचं सुचावं, हा त्याचा स्वभाव. दुसऱ्या दिवशी भैरवी खाली उतरली तसं त्यानं कपाट उघडलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. ती सायकल ढकलत फाटकाकडं चालली होती आणि चाक सावकाश फिरत होतं. त्यानं अंगठा टेकवला.

भैरवी थांबली. एक पाय उचललेला तसाच राहिला. मग तिनं मान वळवली, आणि ती वर खिडकीकडं बघत नव्हती. ती आपल्या खांद्यामागं, अगदी जवळ, कुणी उभं असावं तिथं बघत होती.

"बाबा, सोडा ना!" ती वैतागून म्हणाली.

त्यानं अंगठा उचलला. ती खांदा झटकून फाटकाबाहेर गेली. तो मात्र खिडकीशी खिळून राहिला, कारण अंगठा उचलताना त्याला चाकाच्या काठावर दुसरं काहीतरी लागलं होतं. थंड, ओलं आणि रुंद, आणि त्यानं त्याचा अंगठा बाजूला सारला होता.

४

चाक फेकून द्यावं, हे त्याच्याही मनात आलं. पण तरंड प्रवाहात असताना गळाची काठी पाण्यात फेकली म्हणून तरंड काठावर येत नाही, एवढं त्याला कळत होतं. खिळा पुन्हा ठोकावा, हेही मनात आलं, आणि बाजेवर बसलेली ती मुलगी डोळ्यांपुढं आली. तेव्हा पहिल्यांदा त्यानं खिळा ठोकलेलं चाक आणि जागची न हलणारी मुलगी ह्या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या.

भैरवीला त्यानं घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं. कारण विचारल्यावर नीट सांगता येईना. मग तो शांताक्काकडं गेला.

ओसरीवर कुणी नव्हतं. आतली बाज उभी करून भिंतीला टेकवलेली होती. शांताक्का चुलीपुढं बसली होती, आणि चूल पेटलेली नव्हती.

"अयोध्या?" त्यानं विचारलं.

"उठली." बाईनं मान वर केली नाही. "तुमी आला हुता, त्याच दिशी. बाजेवरनं उठली आन् म्हणाली, आई, भूक लागली. माज्या हातची भाकरी खाल्ली, आपल्या हातानं. म्या सगळ्या गल्लीत पेढे वाटले."

"मग?"

"मग हिंडाया लागली. रोज जरा लांब, रोज जरा लांब. म्या म्हणलं, इतकी वर्सं बसून काढली, हिंडू दे पोरीला. येका दुपारी नदीच्या वाटंनं गेली. म्या मागनं हाका मारत हुते. थांबायची, माज्याकडं बगायची, यायचं हुतं तिला. आन् मग पुन्ना चालाया लागायची. कुणीतरी धरलंय आन् सोडलंय, धरलंय आन् सोडलंय, आशी." तिनं आता त्याच्याकडं पाहिलं. "गुडगाभर बी पानी न्हाय तितं. माज्या डोळ्यांदेकत खाली वडली गेली. सापडली न्हाय. लोकं म्हणत्यात पाय घसरला."

बाहेर हायवेवर ट्रक गिअर बदलत चढ चढत होते. यज्ञेशला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"खिळा काढला का तुमी?" शांताक्कानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

ती उठली. तिनं त्याच्या उजव्या हाताकडं पाहिलं. अंगठ्याची कातडी पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी पडून सुरकुतली होती. ते त्याला स्वतःलाही आत्ताच दिसलं.

"तुमाला लेकरं हैत?"

"मुलगी आहे."

"मग हितं कशाला हुबे ऱ्हायलाव?" असं म्हणून तिनं दार त्याच्या तोंडावर लावलं.

५

तो घरी पोचला तेव्हा भुवनेश्वरी कणीक मळत होती.

"भैरवी कुठंय?"

"क्लासला. सराव परीक्षा आहे तिची. तुमच्या वेडापायी तिचं वर्ष घालवू का मी?"

मधल्या खोलीत काच वाजत होती. चाक फिरत होतं, सायकलच्या लयीत नाही आणि पावलांच्याही नाही. पाण्यावर मोकळं सोडलेलं तरंड जसं जातं तसं, न अडखळता, एका संथ ओढीनं. त्यानं कपाटाची काच सरकवली, चाक पोटाशी धरलं आणि काठावर अंगठा दाबला. ह्या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. ते जे काही होतं ते निघून गेलं होतं, चाक त्याच्या हवाली करून.

"तिला फोन लाव," तो ओरडला. "स्पीकरवर ठेव."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की भुवनेश्वरीनं कणकेच्या हातानंच फोन उचलला. घंटी बराच वेळ वाजली. मग खळखळ ऐकू आली.

"बाबा?" भैरवीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी खाली आलीये. नदीवर. क्लासच्या दारात सायकल लावली, आणि मग… मला माहीत नाही."

"पाण्यात आहेस?"

"गुडघ्यापर्यंत. बाबा, तुम्ही धरलंय का मला?"

"हो."

"मग सोडू नका."

भुवनेश्वरीनं त्याच्या हाताकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, आणि फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

यज्ञेशनं बोंड धरलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. ह्या चाकात दाते नसतात, म्हणून एक वेढा म्हणजे एकच वेढा. घाई करून उपयोग नसतो. चाकावर काहीच चढत नव्हतं, ते रिकामंच होतं, पण हाताला ओढ लागत होती.

"मागं येतीये मी," भैरवी म्हणाली. "पाय मी उचलत नाहीये, बाबा. पण येतीये. आता काठावर आले." ती रडायला लागली होती, सुटल्यासारखी.

भुवनेश्वरी देवाचं नाव घेत मट्कन खाली बसली. आणि नेमकं तेव्हा चाक त्याच्या अंगठ्याखाली एकदा दबलं.

सुटलं, आणि पुन्हा दबलं. हे त्याला ओळखीचं होतं. लहान मासा आमिषाला हिसके देतो. मोठा मासा तसं करत नाही. तो ते आधी तोंडात धरून बघतो, मग शांतपणे घेऊन चालू लागतो. अंगठ्याखाली वजन आलं. इतकं वजन त्याच्या हाताला कधी लागलं नव्हतं.

"बाबा," भैरवी कुजबुजली. "मागं पाणी हललं."

"वळू नकोस. चालत राहा. मी ओढतोय, तू नुसती ये."

ढील देता येत नव्हती. मोठं जनावर लागलेलं असताना ढील दिली तर ते तळाला जातं आणि तरंडही घेऊन जातं. तो गुंडाळत राहिला. खांदा भरून आला, बोंड बोटांत रुतलं. फोनवर खडीवरून चालल्याचा आवाज येत होता, मग डांबरी रस्त्यावरचा. भैरवीचे श्वास येत होते, आणि त्यांच्यामागं आणखी एक आवाज, ओलं पोतं फरफटत नेल्यासारखा.

"लोक बाजूला होतायत," ती म्हणाली. "माझ्याकडं बघत नाहीयेत, बाबा. माझ्या मागं बघतायत."

मग दुकानांची शटर खाली ओढल्याचे आवाज आले, एकामागून एक. कुणी ओरडलं नाही, कुणी तिला हाक मारली नाही. आख्ख्या बाजारानं नुसती वाट करून दिली.

६

भैरवी जिना चढून आली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. ओले होते ते तिचे गुडघ्याखालचे पाय, बाकी ती कोरडी होती. भुवनेश्वरीनं तिला दारातूनच मिठीत ओढलं, दार आपटलं, कडी घातली, आणि मायलेकी तिथंच फरशीवर बसून एकमेकींना चाचपत रडू लागल्या. यज्ञेशला उठून त्यांना कवेत घ्यावंसं वाटलं. आयुष्यात दुसरं काही नको, इतकंच हवं असं वाटलं.

त्यानं अंगठ्याचा दाब जरासा सैल केला. चाक गर्रकन एक वेढा उलटं फिरलं, आणि भैरवी आईच्या मिठीतून सुटून फरशीवरून सरळ दाराकडं घसरत गेली. तिच्या टाचा दारावर आदळल्या. ती किंचाळली. त्यानं अंगठा रोवला. कातडी फाटली, पण चाक थांबलं.

"सोडा ते!" भुवनेश्वरी ओरडली. "फेका ते मेलं चाक! ती आलीये ना घरी!"

"ती आलीये," तो म्हणाला. "पण अजून लागलेलं आहे."

तंगूस असतं तर कापलं असतं. चाकावर काहीच नव्हतं. आणि वजन अजून तसंच होतं, किंचित कमी नाही की जास्त नाही. ते जिन्याखाली कुठंतरी होतं आणि वाट बघत होतं. आज नाही तर उद्या त्याचा हात थकणार होता, डोळा लागणार होता, अंगठा सुटणार होता. खिळा ठोकला तर भैरवी ह्या फरशीवर भिंतीकडं तोंड करून वर्षानुवर्षं बसणार होती. तो सगळ्या बाजूंनी विचार करत होता आणि प्रत्येक बाजूला दार बंद होतं.

उरली होती ती एकच गोष्ट, आणि तीच तो नदीवर शेकडो वेळा करत आला होता. गळ लांबून निघत नाही. मासा तळाशी असताना तो सोडवता येत नाही. त्याला जवळ आणावं लागतं, अगदी हाताशी आणावं लागतं, आणि मग तोंडात बोटं घालून गळ काढावा लागतो. त्याशिवाय मासाही सुटत नाही आणि तंगूसही सुटत नाही.

त्यानं एक वेढा घेतला. खालच्या पायरीवर काहीतरी ओलं आदळलं. दुसरा वेढा घेतला, आणखी एक पायरी. भैरवीनं दोन्ही हात कानांवर दाबले.

"बाबा, नका. बाबा, मी इथंच बसून राहीन. मी कुठं जाणार नाही. नका आणू त्याला."

"बाळा, डोळे मीट," तो म्हणाला. "एकदाच. मग तू मोकळी."

जिन्यात आता पाण्याचा वास आला होता, तळाच्या काळ्या गाळाचा. आवाज दाराशी येऊन थांबला. दाराखालच्या फटीतून एक पाण्याचा ओघळ आत आला आणि भैरवीच्या टाचेपर्यंत जाऊन थांबला. बिजागऱ्या कुरकुरल्या. ते दार ढकलत नव्हतं, नुसतं टेकलं होतं. यज्ञेशनं डाव्या हातानं चाक छातीशी धरलं, डावा अंगठा काठावर दाबला, आणि उजवा हात मोकळा केला. ज्या हातानं गळ काढायचा तो हात.

"भुवनेश्वरी," तो म्हणाला, "दार उघड."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत त्याच्याबद्दल माया उरली नव्हती. मग तिनं लेकीकडं पाहिलं, आणि उठली. तिनं लेकीला दारापासून कडेला सरकवलं आणि कडी काढली.

दार आत उघडलं. यज्ञेशला बसल्या जागेवरून फक्त दाराची कड दिसत होती, आणि जिन्यातला उजेड गेलेला दिसत होता. त्याला जे दिसलं नाही ते भुवनेश्वरीला दिसत होतं. तिनं आधी समोर पाहिलं, मग मान वर केली, आणखी वर केली, चौकटीच्या माथ्यापर्यंत. तिनं सावकाश डोक्यावरून पदर घेतला, आणि दारातल्या त्या जिवाला आत यायला वाट देऊन ती भिंतीला लागून उभी राहिली.